मांय कामाला जातात: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला डे-केअरमध्ये कसं रुळवायचं

पावणेनऊला आमच्या दारात रिक्षा येते. मांय त्याआधीच पायरीवर येऊन बसलेल्या असतात. मांडीवर पिशवी, पिशवीत केळीच्या सोपटाचा दोरा. रिक्षावाला हॉर्न वाजवत नाही, ते मीच त्याला सांगून ठेवलंय. तो नुसता "मांय, उशीर जाता" म्हणतो आणि त्या "येतां रे, येतां" करत उठतात. त्यांच्या मनात त्या म्हार्दोळच्या देवळाकडे फुलं घेऊन निघालेल्या असतात.

मांय म्हणजे माझ्या सासूबाई. चाळीस वर्षं त्यांनी देवळाबाहेर बसून जाईचे आणि अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकले. आता वय 79. स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन पाच वर्षं झाली. त्यातली गेली अडीच वर्षं त्या गोव्यात फोंड्याजवळच्या एका लहानशा डे-केअर केंद्रात जातात, गेल्या महिन्यापर्यंत सोमवार, बुधवार, गुरुवार, नऊ ते साडेतीन.

मी घरी ब्लाउज शिवते. हल्ली माप देऊन झालं तरी काही बायका उठत नाहीत. कुणाची आई, कुणाचे सासरे, एकीचा तर नवराच. टेपशी चाळा करत हळूच विचारतात, "तू त्यांना कशी गं पाठवलीस? राहतात तिथे? रडत नाहीत?" प्रत्येकीला उभ्या उभ्या अर्धवट सांगते आणि मग रात्री मलाच चुटपुट लागते की अमुक सांगायचं राहिलं. म्हणून सगळं एकदा लिहून काढते.

पहिली गोष्ट, आणि बाकीचं विसरलात तरी चालेल पण ही विसरू नका: लवकर जा. माणूस अजून चालतंय, बोलतंय, पाहुण्यांना चहा विचारतंय, तेव्हाच जा. बहुतेक घरं अगदी हातघाईवर आल्यावर केंद्राची चौकशी करतात. आम्हीही तेच केलं. या आजारात नवं शिकणं सहसा सगळ्यात आधी जातं. नवी जागा, नवे चेहरे, नवा संडास कुठे आहे हे अंगवळणी पडायला जी थोडीफार शक्ती लागते, ती दर सहा महिन्यांनी कमी होत जाते. मात्र रोज तीच वाट, तीच खुर्ची, तोच आवाज असं वारंवार झालं की नाव आठवत नसलं तरी माणसाला तिथे बरं वाटायला लागतं. मांयना केंद्रातल्या ताईचं नाव आजही सांगता येत नाही. पण ती दिसली की त्यांचा चेहरा सैल होतो. ही ओळख तयार व्हायला आम्हाला तीन महिने लागले. वर्षभर आधी गेलो असतो तर तीन आठवड्यांत झालं असतं असं केंद्रातल्या ताई म्हणाल्या, आणि मला ते पटतं.

वेळ आली हे ओळखायचं असेल तर आजारी माणसाबरोबर स्वतःकडेही बघा. माझं सांगते. जुलैतली दुपार होती, बाहेर धो धो पाऊस. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर येऊन बघते तर मांयनी लग्नाच्या गिऱ्हाइकाचे कापून ठेवलेले रेशमी ब्लाउजचे तुकडे बादलीत पाण्यात बुडवले होते. एकेक तुकडा अलगद, देठ वर ठेवल्यासारखा. "फुलां सुकतलीं," म्हणाल्या. मी त्यांचा दंड इतक्या जोरात धरला की माझ्या बोटांचे वळ उठले. त्या रडल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी कोण हे न कळल्यासारख्या. त्या रात्री मी यांना सांगितलं, की आता मला मदत लागणार. तुमचा आवाज चढायला लागला, हात उठायला लागला, रात्री झोप होईनाशी झाली, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या चुकायला लागल्या, की समजा वेळ आली. खरं तर थोडी टळूनच गेलीय.

पण केंद्र शोधण्याआधी निदान नीट करून घ्या. विसरणं म्हणजे प्रत्येक वेळी स्मृतिभ्रंश नसतो. थायरॉइड, ब जीवनसत्त्वाची म्हणजे बी-12 ची कमतरता, उदासीनता, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त, काही गोळ्यांचा परिणाम, यानेही माणूस भ्रमिष्टासारखं वागतं, आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. कानाने कमी ऐकू येत असेल, मोतीबिंदू असेल तर तेही तपासा. ऐकू न येणारं माणूस उत्तर देत नाही आणि आपण म्हणतो विसरलं. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात मेंदूविकाराची ओपीडी आहे, तिथेच आयपीएचबी ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. म्हापशाला आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत. आमच्याकडे सुरुवातीला देवाला गाऱ्हाणं घातलं, कौल घेतला. त्यात वावगं काहीच नाही. फक्त कौल घ्याल त्याच आठवड्यात डॉक्टरही गाठा. आम्ही आठ महिने घालवले. "वय झालं की विसरायला होतंच" हे वाक्य आमच्या घरात रोज कुणी ना कुणी म्हणत होतं. आपल्या देशात साठी ओलांडलेल्या शंभर माणसांत साधारण सातजणांना हा आजार आहे, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं. म्हणजे शंभरातल्या त्र्याण्णवांना तो नाही. मग वय झालं की होतंच, असं कसं म्हणायचं?

आता केंद्र. गोव्यात समाज कल्याण खात्याच्या 'उम्मीद' योजनेतून ज्येष्ठांसाठी दिवसाची केंद्रं चालतात. ती सगळ्याच ज्येष्ठांसाठी असतात: गप्पा, कॅरम, भजन, वर्तमानपत्र. आजार अगदी सुरुवातीचा असेल, माणूस आपलं आपण संडासला जात असेल, तर तिथे छान रमू शकतं. जवळ असं केंद्र आहे का ते खात्यात किंवा पंचायतीत विचारा. ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइनही आहे, तिथेही माहिती मिळते. आजार मधल्या टप्प्यावर गेला असेल, माणूस वाट फुटेल तिकडे चालू लागत असेल, तर मात्र स्मृतिभ्रंशाची समज असलेली माणसंच हवीत.

जागा बघायला जाताना फोन करून जाऊ नका. किंवा एकदा फोन करून जा आणि दुसऱ्यांदा न सांगता, तेही दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला. सकाळी सगळीकडेच सगळं टापटीप असतं. दुपारच्या जेवणानंतर, माणसं पेंगुळलेली आणि कामाच्या बायका दमलेल्या, तेव्हा खरं काय ते दिसतं. आम्ही आधी एका वेगळ्या ठिकाणी मांयना ठेवलं होतं. इमारत नवी, फरशी चकाचक. नवव्या दिवशी मी लवकर गेले. बाराजण भिंतीला पाठ लावून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले, समोर मोठ्याने टीव्ही, त्यात कसली तरी मारामारी. मांयची साडी मागून ओली होती आणि ती वाळतही आली होती, म्हणजे बराच वेळ झाला होता. मी कुणाशी भांडले नाही. त्यांना घेऊन आले, आंघोळ घातली. त्यानंतर सात महिने केंद्र हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नाही, आणि त्या सात महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं. एक जागा वाईट निघाली म्हणून थांबायला नको होतं.

म्हणून आत शिरल्या शिरल्या नाकाने वास घ्या. मग फरशी बघा: चकचकीत फरशी म्हाताऱ्या डोळ्यांना ओली वाटते, माणूस पाय टाकायला घाबरतं. संडास बसल्या जागेवरून दिसतो का, दाराला खूण आहे का, आत धरायला दांडी आहे का. फाटक उघडं आहे की कडी आहे, आणि आवारात विहीर असेल तर तिच्यावर जाळी आहे का. आपल्याकडे जुन्या घरात भरलेली केंद्रं असतात, तिथे विहीर हमखास. बसलेल्या माणसांच्या हातात काही काम आहे का हेही बघा. आणि एक प्रश्न जरूर विचारा: "कुणी 'मला घरी जायचंय' म्हणून रडायला लागलं तर तुम्ही काय करता?" "समजावतो" असं उत्तर आलं तर पुढे विचारा, कसं. आमच्या आताच्या केंद्रातल्या ताई म्हणाल्या होत्या, "आम्ही समजावत नाही. चपला घालतो, हात धरून आवारात एक फेरी मारतो, परत येतो तोवर चहा झालेला असतो." हे ऐकलं आणि मी तिथल्या तिथे नाव घातलं. औषधं कोण देतं, लिहून ठेवतात का, पडल्यास कुठल्या डॉक्टरकडे नेतात, हेही विचारा. आणि माणूस शांत बसावं म्हणून गोळी देणारी जागा असेल तर पाऊलही ठेवू नका. झोपेच्या गोळ्यांनी म्हातारी माणसं पडतात. वागणं आवरायला देतात त्या जोरकस गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोकाही वाढतो. अशी गोळी डॉक्टरने बघून, कारण सांगून, थोड्या दिवसांसाठीच द्यायची असते.

केंद्र ठरलं की एक कागद लिहा. छापील फॉर्म ते देतातच, त्यात नाव, वय, रक्तगट असतो. त्यातून माणूस कळत नाही. मी जो कागद दिला तो तसाच उतरवते, त्यावरून तुमचा तुम्हाला लिहिता येईल:

"यांना मांय म्हणा. आजी म्हटलेलं चालत नाही, ओ देत नाहीत. कोंकणीत बोला, मराठी कळतं, हिंदीत बोललं तर परकी माणसं आली असं वाटून घाबरतात. डावा कान चांगला. लघवीला जायचं असेल तर सांगत नाहीत, पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागतात, तेव्हा लगेच न्या. सोमवारी आणि श्रावणात नुस्तं (मासे) खात नाहीत. चुकून वाढलं तर ताट ढकलतात आणि दिवसभर जेवत नाहीत. इतर दिवशी द्या, पण बांगडा नको, काट्याचा नको. सुंगटं (कोळंबी) किंवा इसवणाचा (सुरमईचा) काटा काढलेला तुकडा. गरम चहा लगेच पितात, तोंड भाजतं, कोमट करून द्या. पाठीमागून हात लावू नका. नवऱ्याची चौकशी केली तर 'वारले' सांगू नका, त्यांना दर वेळी नव्याने कळतं. 'बाजारात गेलेत' म्हणा आणि ते कसे होते ते विचारा, खूप सांगतात. तीन वाजता 'गिऱ्हाइकं येतील' म्हणून उठतात. हातात फुलं आणि दोरा द्या. फुलं नसली तर चिंध्या."

या कागदाने जे काम केलं ते कुठल्याच गोळीने केलं नाही. खास करून पदराच्या टोकाने. ती खूण मला ओळखायला दीड वर्ष लागलं होतं. केंद्रातल्या मुलीला पहिल्याच दिवशी हातात मिळाली. तुमच्या माणसाची अशी एखादी खूण असणारच. कुणी येरझारा घालतं, कुणी बटण ओढतं. आठवडाभर बारकाईने बघा, सापडेल.

आता पहिले दिवस. पहिल्या आठवड्यात रोज फक्त दोन तास, आणि आपण तिथेच बसायचं. मी शिवणाचा हूक-काजाचा डबा घेऊन जायचे आणि कोपऱ्यात बसायचे. दुसऱ्या आठवड्यात मी बाहेरच्या बाकावर. तिसऱ्या आठवड्यात अर्धा दिवस, एक जेवण तिथे. पूर्ण दिवस दुसऱ्या महिन्यापासून. केंद्रवाले कधी कधी घाई करतात, "सोडून जा, रडतील आणि गप्प होतील" म्हणतात. बालवाडीत ते चालत असेल. पोराला उद्या कळतं की आई काल परत आली होती. आपल्या माणसाला कालचं आठवत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी प्रत्येक सोडून जाणं पहिलंच असतं.

निघताना चोरून निघू नका आणि लांबण लावून निरोपही घेऊ नका. हातात काम आलेलं बघायचं, खांद्यावर समोरून हात ठेवायचा, "मी तांदूळ घेऊन येते" म्हणायचं आणि वळायचं. परत दारातून डोकावायचं नाही, मी तीनदा ती चूक केली.

आणि त्याला केंद्र, डे-केअर असलं काही म्हणू नका. माणूस ज्या कामाला आयुष्यभर जात होतं, त्याच कामाचं नाव द्या. आमच्या मांय फुलांच्या कामाला जातात. तिथे कदंब या गोव्याच्या सरकारी बसचे एक निवृत्त कंडक्टर येतात. ते "ड्यूटीवर" येतात. दारात उभं राहून आत येणाऱ्या प्रत्येकाला "पुढे सरका, पुढे जागा आसा" म्हणतात आणि जुन्या कॅलेंडरचे कापलेले तुकडे तिकिटं म्हणून देतात. मी आजवर त्यांच्याकडून कितीतरी तिकिटं घेतलीत. एकदा न घेता आत गेले तर त्यांनी मला हटकलं, आणि बरोबरच होतं ते. माझ्या नणंदेला हे खोटं बोलणं वाटतं. मी त्यावर खूप विचार केला. मांय ज्या जगात आहेत तिथे देऊळ आहे, गिऱ्हाईक आहे, जाईचा वास आहे. त्या जगातून ओढून काढून त्यांना आजची तारीख सांगितल्याने त्यांचं काय भलं होणार, ते मला कळत नाही.

फुलांचं मात्र खरंच बघण्यासारखं असतं. सोपट आधी पाण्यात भिजवायचं, नाहीतर तुटतं. मांयना समोरच्या ताटात कोण वाढतंय ते कळत नाही, पण दोरा कोरडा असेल तर बोटाला लागताच बाजूला टाकतात. दोन कळ्या एकीकडे तोंड करून, दोन दुसरीकडे, मधून फास, अंगठ्याने आवळायचं. नजर भलतीकडेच असते. तासाभरात हातभर वळेसर होतो. तो केंद्रातल्या तसबिरीला घालतात, उरला तर मुली केसांत माळतात. मांयचं त्यावर लक्ष असतं. काम करायचं आणि ते कुणाला तरी उपयोगी पडायचं, एवढं झालं की दुपार सरते. तुमचं माणूस मास्तर असेल तर पाटी-खडू द्या, सुतार असेल तर पॉलिश पेपर आणि फळी, स्वयंपाकात हात बसलेली बाई असेल तर तांदूळ निवडायला द्या. मोठ्या माणसांना रंग भरायची मुलांची पुस्तकं दिलेली मला आवडत नाहीत. काहींना चालतात, मांयनी खडू खिडकीतून बाहेर टाकले.

पिशवीत काय द्यायचं तेही सांगते. दोन जोड कपडे, दोन डायपर, एक टॉवेल, चष्मा, दुपारची गोळी कागदात बांधून वर तारीख लिहून. पावसाळ्यात तीन जोड, कारण वाळत नाहीत. मांय नऊवारी सोडायला तयार नव्हत्या. मी नऊवारीच शिवून दिली, आत नाडी, वरून निऱ्या टाचलेल्या. संडासात अर्ध्या मिनिटात सुटते. शिवणाऱ्या कुठल्याही बाईला सांगा, जमेल. कपड्यांच्या आतल्या बाजूला नाव आणि आपला फोन नंबर दोऱ्याने घाला, शाई धुऊन जाते.

सोनं काढून ठेवा. पण नुसतं काढून ठेवू नका. मी पहिल्या दिवशी मांयच्या पाटल्या काढून कपाटात ठेवल्या आणि केंद्रातून फोन आला, की मांय सगळ्यांच्या खुर्च्यांखाली काहीतरी शोधताहेत. दिवसभर त्या मनगट चाचपत होत्या. दुसऱ्या दिवशी फोंड्याच्या बाजारातून तसल्याच दिसणाऱ्या खोट्या पाटल्या आणल्या. वजन थोडं कमी होतं, पण हात शांत झाला.

एक अलीकडचा, चेहरा नीट दिसणारा फोटो फोनमध्ये असू द्या. मांय एकदा पहाटे पाचला पाटी घेऊन बस-स्टॉपवर गेल्या होत्या. पोदेर सायकलवरून पाव घेऊन येत होता, त्याने ओळखलं म्हणून बरं. माणूस घरात नाही हे कळल्यावर आधी शेजारी-पाजारी तासभर शोधण्यात वेळ घालवू नका. विहीर आणि रस्ता बघा आणि लगेच 112 ला फोन करा.

संध्याकाळची तयारी ठेवा. केंद्रातून आलेलं माणूस दमलेलं असतं आणि दिवस कलायला लागला की या आजारात जीव कासावीस होतो. "म्हाका घरा वचपाचें", मला घरी जायचंय, हे मांय स्वतःच्या घरात, स्वतःच्या खाटेवर बसून म्हणतात. आल्या आल्या "आज काय केलं, काय जेवलात" असं विचारू नका, ती परीक्षा होते. चहा आणि उंड्याचा, म्हणजे पावाचा, तुकडा द्या. साडेपाचलाच सगळे दिवे लावा, अंधाराची वाट बघू नका. आमच्याकडे पावसात वीज जाते म्हणून बॅटरीचा दिवा आधीच पेटवून ठेवते. तुळशीपुढे दिवा लावायला हाताशी धरून नेते. आरशावर मी चादर टाकलीय, कारण मांयना त्यात कुणी म्हातारी बाई घरात शिरलेली दिसायची.

नातेवाईक बोलतील. माझी नणंद डोंबिवलीला असते. ती फोनवर म्हणाली, "आमच्या आईला तू पाळणाघरात टाकलंस." मी दोन दिवस जेवले नाही. मग गणपतीच्या चवथीला ती आली, तेव्हा मी तिला विनंती केली, की सात दिवस रात्री तू आईजवळ झोप. तिने झोपून बघितलं. पाचव्या दिवशी ती स्वतः रिक्षात बसून मांयबरोबर केंद्रात गेली आणि दुपारपर्यंत तिथे बसली. आता केंद्राचे अर्धे पैसे ती पाठवते. भांडू नका, एक आठवडा द्या.

आता तुमच्या त्या सहा तासांबद्दल. हे मला फार मनापासून सांगायचंय. पहिले दोन महिने मी मांय गेल्या की घर पुसायचे, माळा साफ करायचे, साठलेले ब्लाउज शिवायचे, आणि साडेतीनला त्या आल्या की मी आधीपेक्षा जास्त दमलेली असायचे. केंद्रातल्या ताईंनी मला सक्त सांगितलं: आठवड्यातला एक दिवस घरकामाला हात लावायचा नाही. बुधवारी मी झोपते. दार लावून, पंखा लावून, दोन तास. सुरुवातीला झोप यायची नाही, कानात मांयच्या काकणांचा आवाज यायचा. आता येते. स्वतःची साखर, बीपी, डोळे तपासून घ्या. आपल्याच गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला होता, 2008 साली तो प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसांची 81 कुटुंबं घेतली आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते जाऊन ऐकून घ्यायचे, वागणं कसं हाताळायचं ते सांगायचे. सहा महिन्यांनी बघितलं तर सांभाळणाऱ्यांचा मानसिक त्रास बराच कमी झालेला होता. कुणीतरी येऊन नीट ऐकलं, समजावलं, याचाही एवढा उपयोग होतो. तुमच्या केंद्रात सांभाळणाऱ्यांची बैठक होत असेल तर जा, आणि होत नसेल तर सुरू करायला सांगा. आमची महिन्यातून एकदा होते, पाच-सहा जणी आणि एक गृहस्थ, तो आपल्या बायकोला सांभाळतो. रात्री फारच घुसमट झाली तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट. मी दोनदा लावलाय.

कागदपत्रांचं लवकर करा, सही जमतेय तोवर. माणसाची समज गेली की त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही कायद्याने चालत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. बँकेचं खातं दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं करून घ्या. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे येत असतील तर हयातीच्या दाखल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. आणि गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा दोघांची सामायिक धरतात, त्यामुळे विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. जोडप्यातल्या एकाला हा आजार झाला की औषधासाठी जमिनीचा तुकडा विकायचा म्हटलं तरी अडतं. वकिलाला आधी भेटा. मृत्युपत्राचंही तेव्हाच बोला, 2012 च्या गोव्याच्या वारसा कायद्यात मालमत्तेतला निम्मा वाटा मुलांसाठी राखीव असतो, त्यामुळे बाहेरच्या राज्यातल्या नातेवाइकांचा सल्ला इथे लागू पडत नाही.

केंद्र कायमचं नसतं हेही मनात ठेवा. माणूस रिक्षात चढताना रोज घाबरायला लागलं, घास गिळताना ठसका लागायला लागला, दिवसातला बराच वेळ झोपेत जायला लागला, की दिवस कमी करायचे. केंद्राच्या ताईंना दर दोन महिन्यांनी सरळ विचारा, "अजून जमतंय का?" त्या रोज बघतात, त्यांना आपल्या आधी कळतं. गेल्या पावसाळ्यापासून मांय काचेवर वायपर फिरताना बघून डोळे मिटून घेतात. फास टाकताना अंगठा थांबतो, मग ताई त्यांच्या बोटावर बोट ठेवून आवळतात. या महिन्यात आम्ही सोमवार आणि गुरुवार बंद केले. बुधवारी मात्र त्या अजून जातात, पावणेनऊच्या रिक्षाने.